तारवावरील कोंबडी : शिधा ते सोबत

जलप्रवासाचा इतिहास लिहिणारे कप्तानांची नावे नोंदवितात, वाऱ्यांच्या दिशा नोंदवितात, नकाशांचा आणि तोफांचा हिशेब ठेवतात. जहाजाच्या डेकवर एका बाजूला जे खुराडे असे, त्याच्याकडे मात्र त्यांचे लक्ष क्वचितच जाते. वास्तविक शिडांच्या युगात लांब पल्ल्यावर निघालेल्या बहुतेक प्रत्येक मोठ्या गलबतावर कोंबड्या असत. पहाटे खलाशांच्या घंटेआधी कोंबडा आरवे आणि भर समुद्रात, जिथे चारी बाजूंना पाण्याखेरीज काही नाही, तिथे क्षणभर का होईना गावाकडचे अंगण उभे राही.

कोंबडी जहाजावर कशासाठी घेतली जाई आणि हजारो वर्षे माणसाबरोबर समुद्र ओलांडणाऱ्या या पक्ष्याला त्याची सोबतीण म्हणवून घ्यायला इतका काळ का लागला, हा या लेखातील आमचा प्रश्न आहे. प्रश्न वरवर गमतीचा वाटेल. पण माणसाला समुद्रावर नेमके काय उणे पडते, याचे उत्तर त्यात दडलेले आहे, असे आम्हांस वाटते.

कोंबडी हा मुळात रानपक्षी. आग्नेय आशियातील जंगलांत राहणारी तांबडी रानकोंबडी ही तिची पूर्वज. तिचे उडणे ते किती, तर झाडाच्या फांदीपर्यंत किंवा शेजाऱ्याच्या कुंपणापर्यंत. बगळा किंवा टिटवी स्वतःच्या पंखांनी देशांतर करील. कोंबडीला ते शक्य नाही. त्यामुळे समुद्रापलीकडच्या एखाद्या बेटावर कोंबडी आढळली, की एक गोष्ट निर्विवादपणे म्हणता येते : तिला माणसाने होडीतून तिथे आणले.

याचा सर्वांत विलक्षण पुरावा प्रशांत महासागरात सापडतो. पॉलिनेशियन लोक जोडनावांतून, लोखंडाचा एक खिळाही न वापरता बांधलेल्या होड्यांतून, बेटामागून बेट वसवीत पूर्वेकडे गेले. त्यांच्या होड्यांत तारो आणि रताळी यांची रोपे असत, तसेच तीन पाळीव प्राणी असत : डुक्कर, कुत्रा आणि कोंबडी. त्यांच्या प्रवासाच्या अगदी पूर्व टोकाला रापा नुई हे बेट आहे. दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून ते सुमारे ३,५०० किलोमीटर दूर पडते. इसवी सनाच्या १२०० च्या आसपास तिथे वस्ती झाली, असे आजचे संशोधक मानतात. या बेटावर डुक्कर टिकले नाही, कुत्राही टिकला नाही. पाळीव प्राण्यांपैकी टिकली ती फक्त कोंबडी. तिथल्या लोकांनी तिच्यासाठी जाड दगडी भिंतींची, अरुंद दाराची खुराडी बांधली. ती आजही तिथे पाहावयास मिळतात. १७२२ साली ईस्टरच्या दिवशी डच कप्तान याकोब रोगेव्हेन त्या बेटापाशी पोहोचला, आणि त्या सणावरून युरोपने त्याला ईस्टर बेट हे नाव दिले. त्यापूर्वी कितीतरी शतके कोंबडी तिथे नांदत होती.

युरोपातील प्राचीन इतिहासात कोंबडी जहाजावर दिसते ती निराळ्या कारणासाठी. रोमन सेनापती युद्धास निघताना पवित्र मानलेल्या कोंबड्या पिंजऱ्यात घालून बरोबर नेत. लढाईपूर्वी त्यांना दाणे टाकावयाचे. त्या हावरटपणे तुटून पडल्या तर शकुन चांगला, दाण्यांना तोंड लावले नाही तर लढाई पुढे ढकलावयाची. इसवी सनापूर्वी २४९ मध्ये सिसिलीतील द्रेपाना येथे पुब्लियस क्लॉडियस पुल्खर हा रोमन आरमाराचा प्रमुख होता. कोंबड्या दाणे टिपीनात. समुद्राने त्या हैराण झाल्या असाव्यात, असे कोंबड्या पाळणारी कोणतीही गृहिणी सांगेल. पुल्खरचा संयम सुटला. खात नसतील तर पिऊ देत, असे म्हणून त्याने त्या समुद्रात फेकविल्या, अशी कथा रोमन लेखकांनी सांगितली आहे. त्या दिवशी रोमने ९३ जहाजे गमावली. दोष कोंबड्यांचा नव्हता, की शकुनाचाही नव्हता. कार्थेजचा सेनानी अधिक कुशल होता एवढेच. परंतु एक गोष्ट लक्षात घ्यावी. ही कोंबडी अन्न नव्हती, सोबतही नव्हती. ती एक साधन होती, आणि मनासारखे उत्तर देईना म्हणून तिला पाण्यात टाकण्यात आले.

पुढे पंधराव्या शतकाच्या शेवटी युरोपची जहाजे खुल्या महासागरात उतरली, तेव्हा कोंबडीला अपार महत्त्व आले. क्रिस्टोफर कोलंबसची दुसरी सफर २५ सप्टेंबर १४९३ रोजी स्पेनमधील कादिझ बंदरातून सतरा जहाजांनिशी निघाली. या वेळी केवळ शोध घ्यावयाचा नव्हता, वसाहत करावयाची होती. वाटेत कॅनरी बेटांवर थांबून त्याने डुकरे, शेळ्या, मेंढ्या आणि कोंबड्या जहाजांवर चढविल्या. ही बेटे व्यापारी वाऱ्यांच्या तोंडाशी आहेत. तिथून शिडे उभारली की वारा पाठीमागून धरून थेट पश्चिमेस कॅरिबियन बेटांपर्यंत नेतो. कॅनरी बेटांवर चढविलेल्या कोंबड्या अशा रीतीने अमेरिकेस पोहोचल्या. या बेटांचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. सव्वापाचशे वर्षांनंतरच्या एका कोंबडीसाठी आपल्याला तिथे परत यावयाचे आहे.

पोर्तुगालहून आपल्या किनाऱ्याकडे येणाऱ्या जहाजांवरची स्थिती याहून वेगळी नव्हती. लिस्बन ते गोवा हा प्रवास सुमारे सहा महिन्यांचा. मार्च-एप्रिलमध्ये निघावयाचे, आफ्रिकेचे दक्षिण टोक ओलांडून नैर्ऋत्य वारे पकडावयाचे आणि पावसाळा सरता सरता गोवा गाठावयाचा. त्या जहाजांवर कोंबड्या मुख्यतः आजाऱ्यांसाठी राखून ठेवण्याची चाल होती. धडधाकट खलाशाला खारविलेले मांस आणि किडे लागलेली बिस्किटे. अंथरुणाला खिळलेल्याला कोंबडीचा अळणी रस्सा. आजाऱ्याच्या तोंडी तो रस्सा घालण्याचे काम जहाजावरील धर्मगुरू पुष्कळदा स्वतः करीत.

'ख्रिस्तपुराणा'चे कर्ते फादर थॉमस स्टीफन्स याच वाटेने आपल्याकडे आले. ४ एप्रिल १५७९ रोजी त्यांनी लिस्बन सोडले आणि २४ ऑक्टोबरला ते गोव्यास उतरले. नोव्हेंबरमध्ये आपल्या वडिलांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी या प्रवासाचे वर्णन केले आहे. हिरड्या सुजून वाढतात, अंग सुजते, माणूस हलू शकत नाही, असे सांगून ते लिहितात की जहाजावर दीडशेहून अधिक लोक आजारी होते आणि सत्तावीस मरण पावले; आणि पूर्वीच्या सफरींच्या मानाने हे नुकसान लोकांना फारसे वाटले नाही. हा आजार म्हणजे स्कर्व्ही. 'क' जीवनसत्त्वाच्या अभावी तो होतो, हे आज आपण जाणतो. १७४७ मध्ये जेम्स लिंड या नौदलाच्या डॉक्टरने 'सॉल्झबरी' या जहाजावर संत्री-लिंबांचा उपयोग पडताळून पाहिला, तोवर त्या आजाराने असंख्य बळी घेतले होते.

यात एक क्रूर विसंगती आहे. कोंबडीचे शरीर 'क' जीवनसत्त्व स्वतः तयार करते. माणसाचे शरीर करू शकत नाही. म्हणून खुराड्यातली कोंबडी कोरडे दाणे टिपून सहा महिने तुकतुकीत राही आणि शेजारी निजलेला खलाशी झिजत जाई. तिचे अंडे त्याला बळ देई, पण अंड्यात हे जीवनसत्त्व नसतेच. तिचा रस्सा ऊब देई, पण आजार हटवीत नसे. ज्या माणसांनी तो रस्सा मोठ्या मायेने भरविला, त्यांना हे ठाऊक नव्हते. तरीही त्या वाटीतला रस्सा वाया गेला, असे म्हणण्यास आमचे मन धजत नाही.

लढाऊ जहाजांवरही खुराडी असत. इंग्रजी आरमारात कोंबड्या-बदकांची निगा राखणाऱ्या खलाशाला 'जेमी डक्स' हे थट्टेचे नाव होते. ती कामगिरी खालच्या प्रतीची समजली जाई. कप्तान आणि अधिकारी यांच्या टेबलावर ताजी अंडी याच खुराड्यातून जात. लढाईचा इशारा झाला, की तोफांना मोकळी जागा हवी म्हणून डेकवरील अडगळ हलवावी लागे, आणि प्रसंगी खुराडीही कोंबड्यांसकट समुद्रात लोटली जात. उलट एखादा माणूस पाण्यात पडला, तर त्याला धरून तरंगता यावे म्हणून रिकामे खुराडे त्याच्या दिशेने फेकण्यात येई.

तरीही या पक्ष्याने खलाशांच्या मनात अधूनमधून जागा मिळविली. १ जून १७९४ रोजी इंग्रज आणि फ्रेंच आरमारांत अटलांटिकात मोठी लढाई झाली. 'मार्लबरो' या इंग्रजी जहाजाच्या डोलकाठ्या मोडून पडल्या, कप्तान जखमी झाला, शरण जाण्याची भाषा ऐकू येऊ लागली. तेवढ्यात फुटलेल्या खुराड्यातून सुटलेला एक कोंबडा मुख्य डोलकाठीच्या उरलेल्या खुंटावर चढला आणि पंख फडफडवून आरवला. खलाशांना त्याने पुन्हा हिंमत आली, असे सांगतात. ११ सप्टेंबर १८१४ रोजी उत्तर अमेरिकेतील शाम्प्लेन सरोवरावरच्या लढाईत अशीच घटना घडली. कमोडोर मॅकडोनो याच्या 'साराटोगा' जहाजावर इंग्रजांच्या गोळ्याने खुराडे फोडले, आणि सुटलेला कोंबडा तोफेच्या गाड्यावर उभा राहून आरवला. खलाशांनी जयघोष केला आणि त्या दिवशी विजयही त्यांचाच झाला. दोन्ही कथांत कोंबड्याचा पराक्रम एवढाच, की तो मेला नाही. पण मरणाच्या गदारोळात एखादा जीव नेहमीचे काम नेहमीप्रमाणे करताना दिसला, तर माणसाला धीर येतो.

इथे आमच्या प्रश्नाचा खरा गाभा येतो. या दोन्ही कोंबड्यांची कथा इतिहासाने जपली, पण त्यांची नावे आपल्याला सांगितली जात नाहीत. याउलट जहाजावरील मांजरांना नावे असत. मॅथ्यू फ्लिंडर्स या इंग्रज नाविकाने ऑस्ट्रेलियाला समुद्रमार्गे प्रदक्षिणा घातली, तेव्हा त्याच्याबरोबर ट्रिम नावाचा बोका होता, आणि पुढे मॉरिशसमध्ये कैदेत असताना फ्लिंडर्सने त्या बोक्यावर एक हृद्य निबंध लिहिला. कप्तान कुकच्या 'एंडेव्हर' जहाजावर दुधासाठी ठेवलेली एक शेळी होती. तिने दोनदा पृथ्वीप्रदक्षिणा केली, आणि डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी तिच्या गौरवार्थ दोन लॅटिन ओळी रचल्या. कोंबडीच्या वाट्याला असे काही का आले नाही?

उत्तर कठीण नाही. जिचा उद्या रस्सा व्हावयाचा, तिला नाव ठेवण्यास माणूस कचरतो. आपल्या घरोघरी हाच अनुभव आहे. मुलांनी एखाद्या पिलाला लाडाने नाव दिले, की पाहुण्यांच्या ताटात ते वाढताना आईची पंचाईत होते. जहाजावरील कोंबडी ही आकड्यांत मोजली जाई : पाच डझन चढविल्या, तीन डझन उरल्या. नाव ठेवणे म्हणजे तिला शिध्याच्या यादीतून काढून माणसांच्या यादीत घालणे. सहा महिन्यांच्या सफरीत, शंभर भुकेल्या तोंडांपुढे, ते कोणाला परवडणारे नव्हते.

एकोणिसाव्या शतकात डबाबंद अन्न आले, वाफेची इंजिने आली, नंतर शीतपेट्या आल्या. डेकवरची खुराडी एकेक करून नाहीशी झाली. समुद्रावरची भूक मिटली. आणि नेमक्या त्याच काळात समुद्रावरची दुसरी भूक उघडी पडू लागली.

जोशुआ स्लोकम हा एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस. 'स्प्रे' नावाची छोटी बोट घेऊन २४ एप्रिल १८९५ रोजी तो बॉस्टनहून निघाला आणि २७ जून १८९८ रोजी अमेरिकेत परतला. सफरीच्या सुरुवातीलाच अझोर बेटांवर मिळालेली फळे आणि चीज खाऊन तो आजारी पडला. वादळ सुरू असताना केबिनमध्ये तळमळत पडला असता त्याला सुकाणूवर एक अनोळखी माणूस उभा दिसला. तो माणूस म्हणाला की आपण कोलंबसच्या 'पिंता' जहाजाचे सुकाणूधर आहोत आणि तुम्ही बरे होईपर्यंत बोट आम्ही सांभाळू. स्लोकमने हे सारे आपल्या प्रवासवर्णनात मोकळेपणाने लिहिले आहे. एकटा माणूस सोबती नसेल तर तो निर्माण करतो. पुढे सेंट हेलेना बेटावर कोणी त्याला एक शेळी भेट दिली. तिने वेस्ट इंडीजचा नकाशा खाऊन टाकला, आणि त्याने तिला असेन्शन बेटावर उतरवून दिले. कल्पनेतल्या सुकाणूधराशी त्याचे जमले. हाडामांसाच्या शेळीशी जमले नाही!

आता पुन्हा कॅनरी बेटांकडे वळू. ब्रिटनी हा फ्रान्सचा वायव्येकडील प्रांत. दर्यावर्दी लोकांचा आणि जुन्या कॅथलिक परंपरेचा. तेथील किनाऱ्यालगत इव्हिनेक नावाचे एक चिमुकले बेट आहे. १९९२ साली जन्मलेला गिरेक सूदे हा तरुण त्या बेटावर लहानाचा मोठा झाला. त्याने एक जुनी पोलादी शिडाची बोट मिळविली, तिला आपल्या बेटाचेच नाव दिले आणि २०१३ मध्ये अटलांटिक ओलांडण्याच्या इराद्याने तो दक्षिणेस निघाला. २०१४ मध्ये कॅनरी बेटांवर असताना त्याने सोबतीला एखादा प्राणी घ्यावयाचे ठरविले. मांजराचा विचार त्याच्या मनात आला होता, पण मांजराची उठाठेव फार. कोंबडीची निगा सोपी आणि शिवाय अंडी मिळतील, असा त्याचा हिशेब होता. त्याने तांबड्या पिसांची एक कोंबडी घेतली आणि पहिल्याच टप्प्यात ती गोष्ट केली, जी पूर्वीच्या खलाशांनी कधी केली नव्हती. त्याने तिला नाव ठेवले : मोनिक.

जाणकारांनी त्याला वेड्यात काढले. बोटीच्या हेलकाव्यांनी कोंबडी भेदरेल, अंडी घालणार नाही, असे त्याला सांगण्यात आले. हे म्हणणे निराधार नव्हते. अंडे तयार होण्यास सुमारे चोवीस ते सव्वीस तास लागतात. या काळात कोंबडी घाबरली, तिला पाणी कमी पडले किंवा दिवसाच्या उजेडाचे मान बदलले, तर अंडी बंद होतात; खुडूक बसली तर आठवडेच्या आठवडे जातात. तथापि मोनिकने सगळ्या भाकितांना खोटे ठरविले. अटलांटिक ओलांडण्यास अठ्ठावीस दिवस लागले आणि तेवढ्या काळात तिने पंचवीस अंडी घातली. निसर्गनियमाप्रमाणे अठ्ठावीस दिवसांत याहून फार अधिक होऊच शकत नाहीत. एका अंड्याच्या कोंबडीला दिवसाकाठी शंभर-सव्वाशे ग्रॅम दाणे आणि सुमारे पाव लिटर पाणी लागते. म्हणजे तीन-साडेतीन किलो धान्याच्या मोबदल्यात पंचवीस अंडी. व्यवहार म्हणून पाहिले तरी कोलंबसच्या खजिनदाराने मान डोलाविली असती. कोलंबसच्या कोंबड्या ज्या बेटांवरून ज्या वाऱ्याने गेल्या, त्याच बेटांवरून त्याच वाऱ्याने मोनिक कॅरिबियनमधील सेंट बार्थेलेमी बेटावर पोहोचली. त्यांना तिथे नेणाऱ्यांनी त्यांची संख्या मोजली होती. हिला नेणाऱ्याने हिची अंडी मोजली आणि हिला जपले.

डेकवर तिच्यासाठी लाकडी घर होते, हवा चांगली असेल तेव्हा ती मोकळी हिंडे, खवळलेल्या समुद्रात तिला आत घ्यावे लागे. ती पाण्यात पडण्याचे प्रसंगही आले, आणि त्याने तिला पुन्हा बोटीवर घेतले. द्रेपानाच्या समुद्रात कोंबड्या फेकल्या गेल्या होत्या; लढाऊ जहाजांवर खुराडी लोटली जात होती; इथे समुद्रात पडलेल्या एका कोंबडीला काढण्यासाठी एक माणूस धडपडत होता. दोन हजारांहून अधिक वर्षांत काय बदलले, हे एवढ्या एका कृतीवरून कळते.

सूदेने २०१५ मध्ये उत्तरेकडे मोहरा वळविला. ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील डिस्को उपसागरात त्याने बोट मुद्दाम हिवाळ्याच्या बर्फात गोठू दिली. हा प्रदेश आर्क्टिक वृत्ताच्या उत्तरेस आहे. तिथे ऐन हिवाळ्यात सुमारे दीड महिना सूर्य क्षितिजावर येत नाही. बोट १३० दिवस बर्फात अडकून राहिली. कोंबडे झाकून ठेवले म्हणून उजाडायचे राहत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. तिथे नेमके उलटे होते. कोंबडी उघडी होती आणि उजाडतच नव्हते. कोंबडीच्या शरीरातील अंडी घालण्याचे चक्र उजेडावर चालते, हे वर आलेच आहे. तरीही त्या १३० दिवसांत मोनिकने १०६ अंडी घातली. तिच्यासारख्या तांबड्या कोंबड्यांच्या जाती वर्षाला तीनशेपर्यंत अंडी घालण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या निवडल्या गेल्या आहेत, आणि बोटीतील दिव्याचा उजेडही कामी आला असावा. पण कारण सांगितल्याने आश्चर्य संपत नाही.

आमच्या मते त्या अंड्यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट निराळी होती. ध्रुवप्रदेशातील लांबलचक रात्रीत माणसाचा सर्वांत मोठा शत्रू थंडी नसते, दिवसाचा आकार नाहीसा होणे हा असतो. उठावयाचे कशासाठी आणि केव्हा, हेच कळेनासे होते. कोंबडी असली म्हणजे उठावे लागते. पाणी गोठले असेल ते वितळवून द्यावे लागते, दाणे मोजून टाकावे लागतात, घाण काढावी लागते. माणसाला कोणी बोलणारे हवे असते हे खरे. पण त्याहून त्याला हवे असते ते आपल्यावर विसंबलेले कोणीतरी. स्लोकमचा काल्पनिक सुकाणूधर त्याची काळजी घेण्यास आला होता. मोनिकची काळजी घ्यावी लागत होती, आणि तिने माणसाला सावरले ते याच मार्गाने. पिलांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीचे शुभवर्तमानातील चित्र आपल्या परिचयाचे आहे. बर्फातल्या त्या बोटीवर कोणी कोणाला पंखांखाली घेतले होते, हे सांगणे कठीण आहे.

बर्फ वितळल्यावर २०१६ च्या उन्हाळ्यात सूदे आणि मोनिक कॅनडाच्या उत्तरेकडील बेटांमधून वायव्य मार्गाने पार गेले. याच मार्गाने पहिल्यांदा आरपार जाण्यासाठी रोआल्ड आमुंडसेनला 'योआ' जहाजातून सहा साथीदारांनिशी १९०३ ते १९०६ अशी तीन वर्षे लागली होती. त्यानंतरच्या तापमानवाढीने तो बर्फ पुष्कळ हटविला आहे, हे इथे नमूद केले पाहिजे. कोंबडीला नेता येण्याइतका तो मार्ग खुला व्हावा, यात आनंद मानावा की चिंता करावी, हा वेगळ्या लेखाचा विषय होईल. तेथून पॅसिफिकमार्गे दक्षिणेस अंटार्क्टिकापर्यंत जाऊन डिसेंबर २०१८ मध्ये दोघे ब्रिटनीस परतले. जहाजावरील एका कोंबडीच्या नावाने पुस्तके निघावीत, हा मान मोनिकला त्यानंतर मिळाला.

आता एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. कोंबडी हा कळपात राहणारा पक्षी आहे. तिला माती उकरावयास हवी, धुळीत लोळावयास हवे, इतर कोंबड्यांत आपला क्रम ठरवावयास हवा. तिला एकटीला पोलादी बोटीवर, बर्फाच्या प्रदेशात नेणे हा तिच्यावर अन्याय नव्हे काय? माणसाने एकांत स्वखुशीने पत्करला. तिला कोणी विचारले होते? सूदेवर अशी टीका झाली आहे, आणि ती गैरलागू आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्याला आपण सोबत म्हणतो ती पुष्कळदा एकाच बाजूची निवड असते. मांजर, कुत्रा, पिंजऱ्यातला राघू, सर्वांच्या बाबतीत हे खरे आहे.

परंतु तुलना करावयाचीच तर ती कोणाशी करावी? मोनिकच्या जातीच्या असंख्य कोंबड्या आज तारांच्या पिंजऱ्यांत, कागदाच्या एका पानाएवढ्या जागेत आयुष्य काढतात. अंडी कमी झाली की त्यांचा उपयोग संपतो, आणि उपयोग संपला की आयुष्यही. त्यांच्या मानाने डेकवर उन्हात हिंडणारी, बर्फावर चालून पाहणारी ही कोंबडी भाग्याचीच म्हणावी लागेल. अर्थात एकीवर माया केल्याने दुसरींचे पिंजरे उघडत नाहीत. त्या एकीला नाव देऊन माणसाने स्वतःवर काय जबाबदारी घेतली, एवढेच या इतिहासातून पाहावयाचे आहे.

पुढे सूदेने आणखी कठीण प्रवास केले. डिसेंबर २०२० मध्ये कॅनरी बेटांवरूनच तो वल्ह्यांच्या होडीने निघाला आणि ७४ दिवसांत अटलांटिक ओलांडून गेला. २०२१ मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्यावरून १०७ दिवस वल्हवीत तो ब्रिटनीतील ब्रेस्टला परतला. या दोन्ही वेळी होडीत तो एकटाच होता. मोनिक जमिनीवर होती. वल्ह्यांच्या होडीत, लाटांच्या उंचीला, कोंबडीला सुरक्षित ठेवता येईल असा भरवसा कोणीच देऊ शकला नसता. ज्याच्यावर आपली माया आहे त्याला आपल्या प्रत्येक धाडसात ओढावयाचे नसते, हेही सोबतीचेच एक अंग आहे.

पॉलिनेशियन होडीतली कोंबडी नव्या वस्तीचे बियाणे होती. रोमन जहाजावरची कोंबडी शकुन होती. गोव्याच्या वाटेवरची कोंबडी आजाऱ्याच्या वाटीतला रस्सा होती. या सर्वांनी माणसाला समुद्रापार पोहोचविले, आणि त्यांपैकी एकीचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. मोनिकचे नाव आपल्याला ठाऊक आहे, याचे श्रेय तिच्या अंड्यांना देता येणार नाही. अंडी तर त्याही घालीत होत्या. पोट भरल्यावरही माणूस समुद्रावर एकटा राहू शकत नाही, हे एका तरुणाने मोकळेपणाने मान्य केले, म्हणून ते नाव राहिले. यापुढे जुन्या जहाजांची वर्णने वाचताना डेकवरच्या खुराड्याचा उल्लेख आला, तर वाचकांनी तिथे क्षणभर थांबावे, एवढीच आमची विनंती आहे.